दहावं स्वप्न

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

चंदना,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहून खोडलं, ते तुला दिसत असेलच. एरवी आशीर्वाद द्यायला माझा हात सगळ्यात आधी उठतो. आज उठेना.

फोन तू उचलत नाहीस. श्रद्धा उचलते आणि म्हणते, “आई झोपलीय काकू.” सकाळी दहाला करा, दुपारी चारला करा, तू आपली झोपलेलीच. एवढी झोप तुला या घरात एकोणतीस वर्षांत मिळाली नाही. गेल्या रविवारी भाऊजी टिळकवाडीला श्रद्धाच्या घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर मेथीच्या लाडवांचा डबा दिला होता. तो तसाच परत आला. वरची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. गाठ माझीच होती, मी ओळखते.

म्हणून हे पोस्टाचं पाकीट. निपाणीला जाऊन टाकणार आहे. गावातल्या पेटीवर माझा भरवसा नाही, पोस्टमनची बायको आपल्या महिला मंडळात आहे.

इकडे ठीक आहे. सोयाबीन बरं आहे. परवापासून दशलक्षणाचं दहा दिवसांचं पर्व सुरू होतंय, बस्तीत गाभाऱ्यापासून ओवरीपर्यंत झाडलोट चाललीय. भाऊजी वेळेवर, सूर्य बुडायच्या आत जेवतात. बोलत मात्र नाहीत. तुझं ऑपरेशन नीट पार पडलं आणि टाके सुकले, एवढं त्यांच्याकडून कळलं. पिशवीत गाठ होती आणि ती साधी नव्हती, हे ऑगस्टमध्ये कळलं.

तुला वाटत असेल, आक्काने लक्ष दिलं नाही. खरं सांगते, एवढं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. या वयात बायकांना काही ना काही होतंच, मलाही झालं होतं. शेवटी ज्याचं त्याचं कर्म. ते उदयाला आलं की कुणाला चुकत नाही. बस्तीत पूजा करणारे उपाध्येही परवा तेच म्हणाले. तू मनाला लावून घेऊ नकोस.

गावात लोक काहीबाही बोलतात, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी,
आक्का

११ सप्टेंबर, बुधवार

चंदना,

परवाचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. ते मी लिहिलं खरं, पण त्यातली बाई मीच आहे असं मला वाटत नाही. उपाध्ये काय म्हणाले ते लिहिलं, मी काय केलं ते लिहिलं नाही. आणि ‘काहीबाही बोलतात’ म्हणून मोकळी झाले. काय बोलतात ते आता ऐक. तुला ते आधीच पोचलं असणार आणि म्हणूनच तू हॉस्पिटलमधून थेट लेकीकडे गेलीस, घराकडे आली नाहीस, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

तुझ्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय म्हणे, ‘रक्तस्राव जानेवारीपासून’. कुणी वाचलं आणि कुणी गावात आणलं कोण जाणे. फेब्रुवारीत आपल्या बस्तीत आदिनाथांच्या नव्या मूर्तीच्या प्रतिष्ठेचं पंचकल्याणक झालं, त्यात तू आणि भाऊजी देवाचे आई-वडील म्हणून बसलात. पाच दिवस तू चंदना नव्हतीस, मरुदेवी माता होतीस. आख्खं गाव तुझ्या पाया पडलं. आता तीच माणसं बोटांवर जानेवारी-फेब्रुवारी मोजतायत.

काल बस्तीच्या ओवरीत आम्ही बायका तांदूळ निवडत होतो. मंडळाची सेक्रेटरी सोनल म्हणाली, “अंगावरनं जात हुतं अन् माता म्हणून बसली. देवाला फसिवलं म्हणायचं, दुसरं काय?”

दुसरी म्हणाली, “म्हणून तर लगीच भोगाय लागलं. तितल्या तितं.”

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. सुपात एक खडा नव्हता, तरी मी खडा शोधत होते. “मला ठाऊक होतं, मीच तिला बसवलं” एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढं तोंडातून आलं नाही. एरवी हे तोंड कुणाच्या बापाला भीत नाही, तुला माहीत आहे.

संक्रांतीनंतर चारच दिवसांनी तू मला मागच्या न्हाणीत बोलावलंस. कपडा दाखवलास.

“आक्का, पाळी जाऊन तीन वर्सं झाली. ह्ये आणि काय आलं?”

मी म्हणाले, “उष्णता हाय ती. धन्याजिऱ्याचं पाणी पी. म्हयन्यावर कार्य आलंय, डोसक्यात काय घिऊ नगंस.”

तू म्हणालीस, “आसं आसताना मी बसू कशी? दुसऱ्या कुणाला तर सांगूया की.”

आणि मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. “ही पाळी न्हवं. पाळी न्हाय तर विटाळ बी न्हाय. गप बस.”

शास्त्र मी तिथल्या तिथे, न्हाणीच्या उंबऱ्यावर तयार केलं. मला ते हवं होतं ना. हे गेले त्याला बारा वर्षं झाली. विधवेला मरुदेवी म्हणून कोण बसवणार? आणि हे असते तरी पोटी मूल नाही. पण आपल्या घरातलं जोडपं बसावं, बायकांनी आपल्या उंबऱ्यावर पाणी घालावं, असं मला लग्न होऊन आले तेव्हापासून वाटत होतं. तू बसणार म्हणजे मीच बसणार, असं मी मनात धरलं होतं. तुझं शरीर फक्त उसनं घेतलं होतं, आणि ते दुखतंय हे मला ऐकायचं नव्हतं.

मग तुझं ते स्वप्न. कार्याच्या आधी दहा-बारा दिवस तू सकाळी चुलीपाशी येऊन सांगितलंस की स्वप्नात कमळांचं तळं पाहिलं. मी हातातला पोळपाट खाली ठेवला. तीर्थंकरांच्या आईला सोळा स्वप्नं पडतात, त्यातलं दहावं कमळाच्या सरोवराचं. मला आणखी काय हवं होतं? दुपारपर्यंत मी अर्ध्या गावाला सांगून आले. “आमच्या चंदनाला दहावं सपान पडलं, खरंखुरं!” बायका ओटी घेऊन आल्या. प्रतिष्ठाचार्यांनी व्यासपीठावरून तुझं नाव घेऊन सांगितलं.

पण तू सांगितलेलं सगळं मी कुणाला सांगितलं नाही. तळ्याचं पाणी लाल होतं. तू गुडघ्याएवढ्या पाण्यात होतीस आणि वर यायला पायरी सापडत नव्हती. “मला लई भ्या वाटत हुतं आक्का,” असं तू म्हणालीस. मी म्हणाले, “लाल कमळं आसत्यात, त्येंचा रंग पाण्यात उतरला आसंल.”

पुढे कार्यात संध्याकाळी सोळा स्वप्नांचा देखावा झाला. भाऊजी देवाचे वडील नाभिराजा होऊन सिंहासनावर बसले आणि एकेका स्वप्नाचं फळ सांगत गेले. तू हात जोडून ऐकत होतीस. तुझं फळ मी आधीच सांगून ठेवलं होतं.

यापुढचं आज लिहवत नाही. लिहायचं आहे.

आक्का

१५ सप्टेंबर, रविवार

चंदना,

दोन पानं लिहून फाडली. आता सरळ लिहिते, म्हणजे फाडायला जागा राहणार नाही.

श्रद्धाने मला परवा फोनवर सुनावलं. सुनावू दे, तिचा हक्क आहे. त्यात ती म्हणाली, “आई सारखी म्हणते, माझं नशीबच तसं. तेव्हाच दाखवलं असतं, पण नेमक्या त्याच वेळी डॉक्टर रजेवर.”

चंदना, डॉक्टर रजेवर नव्हत्या.

तू मला चोरून दिपालीला सांगितलं होतंस, हे मला माहीत आहे. सरकारी दवाखान्याचं आशा वर्करचं काम करणारी पोरगी, घरोघर फिरते, तिच्या पोटात गोष्ट राहते म्हणून तू तिला सांगितलंस. तिने बेळगावच्या दवाखान्यात तुझी तारीख घेतली आणि चिठ्ठी घेऊन घरी आली. तू त्या वेळी वरच्या शिवारात भांगलणीला गेली होतीस. दारात मी होते. चिठ्ठी कन्नडमध्ये होती, तुला येतं तसं मला कन्नड वाचता येत नाही, पण आकडा कळला. २९ जानेवारी. कार्याला अजून सतरा दिवस होते.

दिपाली म्हणाली, “काकूंना नक्की पाटवा. ह्या वयात आसं झालं तर तपासायलाच पायजे, डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलंय.”

मी हसून म्हणाले, “आगं ती बरी झाली. थांबलं सगळं. कशाला उगं तरास?”

तिला खरं वाटलं. माझ्यासारखी पांढऱ्या लुगड्यातली बाई, पाणी गाळून पिणारी, मुंगी मरू नये म्हणून चूल फुंकून पेटवणारी, ती खोटं बोलेल असं कुणाला वाटणार? ती वळली आणि मी चिठ्ठी न्हाणीतल्या पेटत्या बंबात घातली. संध्याकाळी तू आलीस तेव्हा तुला सांगितलं, “दिपाली यून गेली. डॉक्टरबाई रजेवर हाईत म्हणं, म्हयनाभर. कार्य झाल्यावर बगू.”

तुझं तोंड उतरलं. आणि मग, हे मला रोज आठवतं, तू देवघराकडे बघून म्हणालीस, “जाऊ दे. देवाच्या मनात आधी कार्यच आसंल.”

देवाच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं.

मग जन्मकल्याणकाची मिरवणूक. तू रथात होतीस, मोत्यांचा मुकुट घातलेली. बस्तीच्या वळणावर तू मला डोळ्यांनी खुणावलंस. मी बायकांना म्हणाले, मातेला चक्कर आलीय. पडद्याआड नेऊन तुझा कपडा बदलला, दुसरी साडी नेसवली, मुकुट सरळ केला आणि तुला पुन्हा वर चढवलं. तू रथाचा कठडा धरून बसलीस. बाहेर ‘जय जय’ चाललं होतं. तेव्हा मला काय वाटलं सांगू? साडीचा रंग पहिल्या साडीसारखाच मिळाला, कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं बरं वाटलं.

कार्य झालं. मार्च आला. तू दोनदा आठवण केलीस, “डॉक्टरबाई आल्या आसतील आता.” मी म्हणाले, जरा दम धर. का? तर डॉक्टर विचारणार, कधीपासून जातंय, तू खरं सांगणार आणि ते गावात येणार. मधे महिनाभर थांबलं होतं, तेवढ्यावर मी निभावलं. एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा तू मला सांगणंच सोडलंस. वाळत घातलेल्या कपड्यांवरून मला कळत होतं. मी कपडे घडी करत होते आणि गप्प होते. जुलैच्या शेवटी तू गोठ्यात पडलीस आणि श्रद्धा येऊन घेऊन गेली, तोपर्यंत.

बेळगावच्या डॉक्टर भाऊजींना म्हणाल्या, जानेवारीत आणलं असतं तर ऑपरेशनवर भागलं असतं, आता किरणांचा शेकही द्यावा लागेल, आणि पुढचं पुढे बघू. भाऊजींनी घरी येऊन मला ते सांगितलं आणि कपाळाला हात लावला, “नशीब, वैनी.” मी मान हलवली.

ते नशीब माझ्या हातचं होतं, चंदना. तुझं नशीब म्हणून तू ज्याला दोष देत बसलीस ना, ते तुझ्या शेजारी बसून भाकऱ्या थापत होतं.

तीन दिवसांनी क्षमावाणी आहे. दरवर्षी दहा दिवसांच्या उपवासानंतर आपण एकमेकांना हात जोडतो, ‘जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर’. अजाणता काही नव्हतं. मला ते म्हणता येणार नाही. काय म्हणायचं ते मी ठरवलंय, पण माझ्या तोंडावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. म्हणून आधी तुला लिहून ठेवते. बुधवारी बोलले नाही तर हे पत्र घेऊन श्रद्धाला गावात पाठव, तिने ते बस्तीत वाचावं.

आक्का

१८ सप्टेंबर, बुधवार, दुपार

चंदना,

बोलले.

सकाळी अभिषेक झाला. क्षमावाणीचं सुरू झालं, बायका इकडच्या ओळीत, पुरुष तिकडे. सोनल हात जोडत जोडत माझ्यापर्यंत आली, “जयाक्का, उत्तम क्षमा.” मी तिचे हात धरले आणि उभी राहिले. गुडघ्यातून आवाज आला. मोठ्याने म्हणाले, “थांबा. मला बोलायचं हाय.”

सगळं सांगितलं. न्हाणीतलं, दिपालीचं, बंबातलं, मिरवणुकीतलं. आकडे सांगितले. “चंदना बसत न्हवती, मी बसिवली. तिला दवाखान्यात जायाचं हुतं, मी जाऊ दिली न्हाय. पाप असंल तर माझं. तिच्या नावानं पुन्हा कोण बोललं तर माझ्या दारात यून बोला.”

माफी मागताना धमकी दिली. माझा स्वभाव, काय करू.

मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, “उपाध्ये, मग प्रतिष्ठा मोडली म्हणायची काय? परत कराय लागंल?”

उपाध्ये म्हणाले, “शुद्धीचं विचाराय लागंल. महाराजांना विचारून सांगतो.”

आणि सगळे त्याच्यावरच बोलायला लागले. किती दिवस लागतील, कुणाला बोलवायचं, शिखरावरचा कलश उतरवायचा का. मी म्हणाले, “मूर्तीला काय झालं न्हाय! बाई आजारी पडलीया!” ते कुणी ऐकलं आणि कुणी नाही, मला सांगता येणार नाही. एकदोन बायका जमिनीकडे बघत होत्या.

भाऊजी पुरुषांच्या ओळीत होते. नाभिराजा होऊन त्यांनी तुझ्या स्वप्नांची फळं सांगितली होती ना. आज त्यांना पहिल्यांदा कळलं. माझ्याकडे आले. मला वाटलं, हात उगारतील. बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “वैनी, मी तिला मिरवणुकीत पानी दिलं. ती म्हणाली, काय न्हाय, ऊन लागलं. माझ्याशी बी खोटं बोलाय लावलासा तुमी तिला.” आणि गेले. चपला बस्तीच्या पायरीवरच राहिल्या. त्या मी घरी आणल्यात.

तुझ्याकडे मी काही मागत नाही. ‘उत्तम क्षमा’ही लिहिणार नाही. ती मागितली की समोरच्याला द्यावीच लागते, असा आपल्यात रिवाज आहे, आणि तुला मी आजवर पुष्कळ गोष्टी करायला भाग पाडलंय.

आक्का

३ ऑक्टोबर, गुरुवार

चंदना,

तुझी चिठ्ठी आली. भाऊजींनी ओसरीवर ठेवली आणि शेतातल्या खोलीवर गेले. ते तिथेच राहतात, तिथेच चूल मांडलीय. जेवायला येत नाहीत.

तुझी चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की न बघता लिहू शकते. लिहूनच दाखवते, म्हणजे मला नीट कळलंय हे तुला कळेल.

‘आक्का, दिपालीचं मला माहीत नव्हतं. वाचून दोन दिवस जेवले नाही. बस्तीत बोललात ते ह्यांनी सांगितलं. माफ करायचा प्रयत्न केला, येत नाही. श्रद्धाची रजा संपली. ह्यांना सोयाबीनची काढणी आहे. सोमवारपासून पंचवीस दिवस शेक घ्यायचा आहे, रोज न्यायला माणूस लागतं. या. माझ्याशी बोलू नका.’

येते.

घराची किल्ली शेजारी देईन. शेळीचं दिपाली बघणार आहे. ती दर दोन दिवसांनी येते आता. आणखी एक सांगायचं होतं. परवा मागच्या दाराने सोनल आली. हो, तीच. पदर तोंडावर घेऊन म्हणाली, “जयाक्का, माझं बी अंगावरनं जातंय, आट म्हयनं झालं. नवऱ्याला ठाऊक न्हाय.” मी तिला बसूही दिलं नाही. तशीच दिपालीकडे घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दोघींना बेळगावच्या बसमध्ये बसवून दिलं. कुणाला सांगणार नाही अशी तिच्यापुढे शपथ घेतली आणि तुला लिहून बसले. तुझ्यापाशी राहू दे.

रविवारी दुपारी पोचते. श्रद्धाला सांग, मला वेगळं अंथरूण नको, तुझ्या खोलीच्या दाराबाहेर चटई पुरे. माझ्या पाण्याचं, जेवणाच्या वेळेचं काही बघू नका, दवाखान्यात जे होईल ते होईल.

रोज सकाळी तुझी फाईल धरीन. रिक्षाला हात करीन. रांगेत तुझी जागा धरून बसेन आणि तू आत गेलीस की दाराकडे बघत राहीन. बोलणार नाही. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

एवढंच कर. शेकानं काही झालं, पोटात दुखलं, पुन्हा रक्त दिसलं, तर तेवढ्यापुरतं माझ्याशी बोल. एकच वाक्य. मी उठेन आणि आत जाऊन डॉक्टरबाईंना सांगेन, तू सांगितलंस तसंच, कधीपासून ते तारखेसकट.

आक्का